प्लास्टरचा नियम

आमच्या घरासमोरचा रस्ता दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा झाला. तेव्हापासून संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथे पोरं स्केटबोर्ड घेऊन येतात. रबरी चाकांच्या, ऑनलाइन मागवलेल्या, खालून रंगीत चित्रं काढलेल्या फळ्या. त्यांचा आवाज फार नसतो. चाकं घरंगळत येतात, मग पोरगं उडी घेतं, आणि क्षणभराने फळी टप्प करून खाली येते. मी नुकताच कॉलेजातून आलेलो असतो. पाच तास बोलून घसा बसलेला असतो. चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत पडतो आणि त्या टप्पची वाट बघत राहतो. तो आला की मला बरं वाटतं. पुन्हा उडी, पुन्हा वाट. असं अर्धा-पाऊण तास चालतं. बायको म्हणते, "त्या पोरांपेक्षा तुम्हीच जास्त थकता. खिडकी लावून घ्या ना." मी लावत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. आमच्याकडची बरीच मुलं बारावी झाली की पोलीस भरतीच्या मागे लागतात. पहाटे मैदानावर पळतात, दुपारी सामान्यज्ञानाची पुस्तकं पाठ करतात आणि फॉर्म भरायच्या दिवसांत माझ्याकडे येतात. "सर, चष्मा असला तं चालते काय?" "सर, मागं ऑपरेशन झालं होतं, लिहू का नको?" मी कुणालाच लगेच उत्तर देत नाही. जाहिरात मागवतो, ओळीवर बोट ठेवून वाचतो, मग सांगतो. त्यात नसेल तर म्हणतो, मला माहीत नाही, कार्यालयात विचारून ये. मुलांमध्ये माझी यावरून थट्टा चालते. सरांना त्यांचं स्वतःचं नाव विचारलं तरी ते आधी आधार कार्ड काढून पाहतील, असं एकजण वर्गाच्या दारात म्हणाला होता. मी ऐकलं आणि पुढे गेलो. ही सवय मला कशी लागली, हे त्या मुलांना सांगण्यासारखं नव्हतं. आता लिहून टाकतो.

आमगावच्या पुढे आमचं गाव. वडील दुसऱ्याची धानाची शेती ठेक्याने करायचे, आई रोवणीला जायची. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या एका गुरुजींनी स्वतः माझा हात धरून मला गोंदियाला आणलं, कॉलेजात नाव घातलं आणि परतीच्या गाडीत बसायच्या आधी पुन्हा एकदा बजावलं, "मागं वळून पाहू नको." त्या माणसाचे उपकार मी आजही मोजू शकत नाही. पण ज्याच्यामुळे मी गोंदियात प्रत्यक्ष टिकलो तो वेगळा होता. माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा, बारावीनंतर एका राईस मिलमध्ये कामाला लागलेला माझा मित्र.

मिलच्या मागच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली होती. टिनाचं छप्पर, एक खिडकी, एक बल्ब. तो मिलमध्ये धान वर चढवणारा एलिव्हेटर आणि त्याचे पट्टे सांभाळायचा. सकाळी कामावर जायच्या आधी मैदानावर पळायला जायचा, कारण त्याला पोलिसात जायचं होतं. त्याच्या बोलण्यात दुसरा विषयच नसायचा. वाणी किती वेळात पुडी बांधतो यावरही तो सेकंद मोजून दाखवायचा. स्वयंपाक तोच करायचा, बहुतेक मिलमधून स्वस्तात मिळणाऱ्या कणकीचा, म्हणजे तुटक्या तांदळाचा भात. माझी परीक्षा असली की बल्ब मला ठेवून स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन झोपायचा. मला तो 'मास्तर' म्हणायचा. मी अजून पदवीच्या पहिल्या वर्षाला होतो.

"मास्तर, कणकीचा भात खाऊन डोस्कं चालते ना?"

"चालते."

"मंग वाच. आपल्या गावात वाचणारा तूच एक आहेस. बाकी आम्ही पाय चालवू."

स्केटबोर्ड आम्ही पहिल्यांदा मोबाईलच्या मेमरी कार्डात पाहिला. मिलमधल्या एका ड्रायव्हरकडे परदेशातल्या पोरांचा व्हिडिओ होता. पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यावरून घसरत येतात, पडतात, उठतात, हसतात. मित्राने तो चार वेळा पाहिला आणि म्हणाला, "हे तं आपली बेअरिंगची गाडी आहे बे. फक्त हे उभे राहून चालवून राहिले."

गावाकडे लहानपणी सगळ्यांनीच बेअरिंगची गाडी केलेली असते. फळीखाली दोन दांडे, दांड्यांना बेअरिंग, आणि बसायचं. मिलमध्ये झिजून फेकलेल्या बेअरिंगचा ढीगच पडलेला होता. फिटरला विचारून त्याने चार सारख्या मापाच्या निवडल्या, रॉकेलमध्ये भिजवून ठेवल्या. फळी सागाची, एका मोडक्या दिवाणाची. खरी अक्कल त्याने पुढे चालवली. दांडा सरळ फळीला ठोकला तर गाडी वळत नाही, म्हणून एलिव्हेटरच्या जुन्या पट्ट्याचे जाड रबरी तुकडे मधे घातले. ज्या बाजूला अंग झुकवू त्या बाजूला फळी थोडी वळायला लागली. वरून त्याच पट्ट्याचा एक लांब तुकडा चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. मी त्या दिवशी दोन तास नुसता स्क्रू हातात देत होतो. असं डोकं असलेल्या माणसाला बारावीला गणितात काठावर मार्क पडले होते, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आठवड्यातल्या ज्या दिवशी बाजार बंद असायचा त्या सकाळी आम्ही निघायचो. कापड दुकानांची शटर खाली असायची आणि गल्ली मोकळी. लोखंडी बेअरिंग डांबरावरून जाताना जो आवाज व्हायचा तो दळणाच्या चक्कीत खडे टाकल्यासारखा होता. वरच्या मजल्यावरून बायका खिडक्या उघडून बघायच्या. एक म्हातारे शेठ दर वेळी ओट्यावर बसलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "अबे, ये क्या मशीन है?"

"शेठ, भरती की तैयारी है," मित्र म्हणाला.

"पुलिस में चोर को इसी पे पकड़ेगा क्या?"

"चोर पैदल रहेगा तो पकड़ लूँगा."

नंतर आम्ही दिसलो की ते शेठ नुसता हात वर करायचे, वाहतूक पोलिसासारखा.

मी बहुतेक बसूनच चालवायचो. तो उभा राहायचा. स्टेडियमच्या पायऱ्यांवरून त्याने फळी उतरवून पाहिली, दोनदा गुडघे फोडून घेतले. एका बंद दुकानाच्या उतरत्या फरशीवरून उडी मारून नालीच्या पलीकडे गेला. मी खाली उभा राहून ओरडायचो, "पुरे झालं बे," आणि मनातून वाटायचं की त्याने आणखी एकदा करावं. मला त्या फळीचं काय आवडायचं हे आता थोडं सांगता येतं. त्या वयात माझ्यावर फार लोकांचा भरवसा होता. आई, वडील, गुरुजी, गावातला प्रत्येकजण जो रस्त्यात थांबवून विचारायचा, पेपर कसे गेले. मी जेवत असलो तरी ते सगळे जणू माझ्याबरोबर जेवायला बसलेले असायचे. फळीवर बसून गल्ली उतरायला लागलो की तेवढा वेळ माझ्यावर कुणाचाच भरवसा नसायचा. कदाचित त्यालाही तसंच वाटत असेल. आम्ही हे कधी बोललो नाही.

राहिला होता ओव्हरब्रिज. रेल्वेवरचा पूल, त्याचा उतार लांब आणि सरळ. बेअरिंगच्या फळीवर उभं राहून तो उतरायचा, असं त्याने पावसाळ्यातच ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर भरतीची जाहिरात निघाली. मैदानी चाचणीला काही महिने होते. मी म्हणालो, "आता राहू दे. पाय मोडला तं?"

"चाचणी झाल्यावर मी ट्रेनिंगले जाईन. मंग कोण उतरन? तू?"

मी हसलो. म्हणजे मी हो म्हणालो.

सकाळी उजाडल्यावर तो वर गेला. माझं काम खाली उभं राहून रस्ता बघायचं होतं. गाडी येत नसली की मी गमछा हलवायचा, मग तो सुटणार. मी रस्ता पाहिला. गाडी नव्हती. उताराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या डाव्या कडेला, कुणीतरी धान वाळत घातलं होतं. नुकतंच पसरलं होतं, अजून ओल होती. मी ते पाहिलं. मला आठवतं की मी मनात म्हणालोसुद्धा, जाडं धान आहे, दोन उन्हं तरी लागतील. गावातल्या पोराला रस्त्यावरचं धान दिसलं की हेच सुचतं. ते कुणाचं आहे, किती पोती होतील, वाळलं की नाही. ते रस्त्यात आडवं आलेलं आहे हे सुचत नाही. मी गमछा हलवला.

तो आला. खरंच उभा होता. गुडघे वाकवलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि बेअरिंगचा तो आवाज. अर्धा उतार झाला तेव्हा फळी डाव्या बाजूला ओढायला लागली. तशीच सरळ धानात गेली असती तर थांबली असती, फार तर तो धानावर पडला असता. पण त्याच्या पायात पळायचे बूट होते. आमच्याकडे धान फिरवायचं तर अनवाणी पायांनीच फिरवतात, पाय ओढत ओढत, रेघा पाडत. चप्पल घालून मात्र धानात कुणी जात नाही. लहानपणी एकदा चुकून गेलो तर आजोबांनी पाठीत धपाटा घातला होता. त्याने शेवटच्या क्षणाला अंग उजवीकडे फेकलं. फळी धानात गेली आणि तो डांबरावर उजव्या हातावर पडला.

मी धावत गेलो तेव्हा तो उठून बसला होता. कोपर मोसंबीसारखं फुगत चाललं होतं.

"धानात गेलो नाही ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"मंग ठीक आहे." मग कोपराकडे पाहून म्हणाला, "हे काही ठीक नाही. दवाखान्यात जाऊन राहिलो आपण, का कसं?"

इथपर्यंत जे झालं ते दोन पोरांचं वेडेपण होतं. त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. पुढचं फक्त माझं आहे.

मी म्हणालो, "थांब. दवाखान्यात एक्स-रे काढतील. कागद होईल. प्लास्टर चढलं की ते नोंदीत येते. भरतीच्या मेडिकलमध्ये सापडशील, बाद करतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. "असं नियमात आहे काय?"

"हो."

"तू वाचलं?"

"वाचलं."

मी वाचलं नव्हतं. मैदानावर पळणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी असं म्हणताना ऐकलं होतं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर तेसुद्धा मला नंतर आठवलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळंच होतं. दवाखान्यात नेलं तर गावाला निरोप जाणार. त्याचे वडील येणार, त्यांच्याबरोबर माझे वडील येणार. पोरगा गोंदियात पुस्तकं सोडून पुलावरून फळ्या उतरवतो हे त्यांना कळणार, गुरुजींना कळणार. मला माझी भीती वाटत होती. ती मी त्याच्या भल्याच्या गोष्टीत गुंडाळून त्याला दिली आणि वरून 'वाचलं' असा शिक्का मारला. गावात वाचणारा मी एकच होतो. माझ्या वाचण्यावर शंका घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं.

त्याच दिवशी बसने आम्ही चिचगडच्या बाजूला गेलो. तिकडच्या एका गावात हाड बसवणारे एक म्हातारे होते, त्यांचं नाव आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. देवरीपर्यंत त्याने हात मांडीवर धरून ठेवला. पुढे जंगलातल्या रस्त्यावर बस आदळायला लागली तेव्हा त्याने माझा गमछा तोंडात धरला. म्हाताऱ्याने हात चाचपला, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कमच्या लावून कापडाने घट्ट बांधला. माणूस लबाड नव्हता. तो म्हणाला, "हात मोडला असता तं मी बसवला असता. हे कोपर आहे. कोपराचं मी सांगू शकत नाही. दवाखान्यात दाखवा."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

कमच्या निघाल्या तेव्हा कोपर थोडं वाकडंच राहिलं होतं. चहाचा कप धरता यायचा, घास तोंडात जायचा, पट्टा चढवता यायचा. फक्त हात पूर्ण सरळ होत नव्हता. तो म्हणायचा, होईल. रोज मिलमधून आल्यावर पाण्याची बादली त्या हातात धरून उभा राहायचा, वजनाने तरी सरळ होईल म्हणून. गोळाफेकीचा सराव त्याने डाव्या हाताने सुरू केला. मैदानी चाचणी त्याने काढली. पळण्यात तो पहिल्या काहीजणांत होता. लेखी परीक्षेसाठी मी त्याला तीन महिने शिकवलं, तीही निघाली. यादीत त्याचं नाव आलं त्या दिवशी त्याने मिलमधल्या सगळ्यांना जिलबी वाटली. राहिलं होतं मेडिकल.

त्या दिवशी दुपारी तो खोलीवर आला तेव्हा मी वाचत बसलो होतो. त्याने बूट काढले, भिंतीला टेकून बसला.

"डॉक्टर म्हणे, दोन्ही हात समोर सरळ करा. मी केले. म्हणे, उजवा सरळ करा. मी म्हटलं, साहेब, हा एवढाच सरळ आहे."

मी पुस्तक मिटलं.

"मंग म्हणे, पडला होता काय? प्लास्टर नाही केलं? मी म्हटलं, नाही केलं. तं म्हणे, केलं असतं तं हात सरळ राहिला असता, हाड जुळलं असतं तं आम्ही काऊन बाद केलं असतं." त्याने कोपर चोळलं. "मास्तर, त्या डॉक्टरले नियम मालूम नसन ना? तू तं वाचलं होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा त्या वाक्यात टोमणा शोधला आहे, सापडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरंच विचारत होता. डॉक्टर चुकीचा असू शकत होता. मी नाही.

मी म्हणालो, "हो. वाचलं होतं."

त्याने मान हलवली आणि भात टाकायला उठला.

त्यानंतरची वर्षं साधी आहेत. मला पदवी मिळाली, मग बी.एड., मग नोकरी. पदवीचा कागद घेऊन मी गावात गेलो तेव्हा आईने तो देवाजवळ ठेवला आणि मित्र माझ्या बाजूला उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "मीच पोसला याले, कणकी खाऊ घालून." तो त्याच मिलमध्ये राहिला. लग्न केलं, मिलजवळच दोन खोल्या बांधल्या. मुलगी झाली. आम्ही भेटत राहिलो, सणाला, लग्नाकार्याला, कधी नुसतेच. बेअरिंगच्या फळीची गोष्ट तो रंगवून सांगायचा, शेठच्या हिंदीसकट. पुलापर्यंत आला की मी चहा सांगायला उठायचो. मी चांगला शिक्षक आहे असं लोक म्हणतात. सांगायला हरकत नाही, मेहनत करतो. पण कितीही वर्षं झाली तरी वर्गात कुणी विश्वासाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं की मला आधी थकवा येतो. मग मी शिकवायला लागतो.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"मास्तर, घरी आहेस काय? पोट्टी पडली."

त्याची मुलगी नववीत आहे. वर्षभर बापाच्या मागे लागून तिने स्केटबोर्ड मागवून घेतला होता, आमच्या रस्त्यावरही एकदोनदा आली होती. बापाने तिला बोर्डावर उभं राहायला शिकवलं होतं, हे मला माहीत होतं. "गुडघे वाकव, नाहीतं तोंडावर पडशीन," असं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडायचा. तिलाही पोलिसात जायचं आहे. हे तिला कुणी शिकवलं नाही, घरातल्या हवेतच होतं ते.

मी गेलो तेव्हा ती खाटेवर बसली होती. डावं मनगट सुजलेलं, दातावर दात. मला पाहून हसायचा प्रयत्न केला. "काका, मी उडी मारली, तं बोर्ड वापस आलाच नाही."

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

मित्र दारात चपला घालत होता. आतून त्याच्या बायकोने तेच म्हटलं असावं, कारण तो थोडा वैतागलेला होता. "दवाखान्यात नाही. मी चिचगडले फोन केला. तो म्हातारा गेला, आता त्याचा पोरगा बसवते. गाडी सांगितली आहे. तुले याच्यासाठी बोलावलं का तू चाल संगं. तुझं अन् त्याचं बोलणं झालं तं बरं."

"दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

"तुले मालूम आहे ना काऊन नाही नेत? प्लास्टर चढलं तं तिचं नाव नोंदीत जाईन. चार-पाच वर्षांनी भरती आहे तिची. तूच सांगितलं होतं."

तिची आई दारात उभी होती. ती माझ्याकडेच पाहत होती, कारण या घरात नियमाचं शेवटचं बोलणं माझं असायचं. मुलगीही माझ्याकडे पाहत होती. गाडी यायला थोडा वेळ होता. सतरा-अठरा वर्षं हा माणूस माझी खोटी गोष्ट जपून घेऊन फिरत होता आणि आता तीच त्याने पोरीच्या हातासाठी बाहेर काढली होती.

मी त्याला अंगणात नेलं. तिथे तारेवर मिलची पोती वाळत होती.

"असा नियम नाही," मी म्हणालो.

"आता बदलला काय?"

"तेव्हाही नव्हता. मी वाचलंच नव्हतं. मले भेव वाटलं का घरी कळन, म्हणून मी बोललो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायची मी वाट पाहत होतो. तिथे नुसती गणित न सुटणाऱ्या पोरासारखी आठी होती.

"अन् मेडिकलच्या दिवशी?"

"तेव्हाही नाही."

"दोन्ही खेपेस?"

"दोन्ही खेपेस."

त्याने वाळत घातलेलं एक पोतं उगाच सरळ केलं. त्या हाताने ते नीट सरळ होत नव्हतं, एक कोपरा दुमडलेलाच राहिला. मी तो ओढायला हात पुढे केला तर त्याने माझा हात बाजूला केला. मग म्हणाला, "आता कायले सांगून राहिला?"

"पोरीच्या हातासाठी."

"हं." एवढंच. मग घराकडे वळून मोठ्याने ओरडला, "तिले चपला घाल गं. दवाखान्यात जाऊन राहिलो." आणि खिशातून फोन काढून चिचगडची गाडी नको म्हणून सांगितलं.

माझ्या मोटरसायकलवर आम्ही तिघं गेलो. मधे मुलगी, मागे तो. रस्ताभर गतिरोधक आला की मागून त्याचा आवाज यायचा, "हळू." तो मला म्हणत होता की गाडीला, कळायला मार्ग नव्हता.

एक्स-रे काढून झाला. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले होते. मुलीला आत बसवून आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. तो म्हणाला, "मी त्या डॉक्टरले मनात किती शिव्या दिल्या असन. इतकी वर्षं. बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"ते मले समजलं." तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. "तू माफी मागून राहिला असशीन तं आज मागू नको. आज मले पोरीचं पाहू दे."

मी गप्प बसलो. माझ्याकडे दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. गप्प बसणं निदान खोटं नव्हतं.

आतून एका परिचारिकेने मोठं पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. त्याने फिल्म बाहेर काढली. बाकाच्या वर उंचावर खिडकी होती, तिथून दुपारचं ऊन येत होतं. डाव्या हातात पाकीट होतं, म्हणून फिल्म उजेडात धरायला त्याने उजवा हात वर केला. हात कोपरात अडला. फिल्म खिडकीच्या खालीच राहिली, काळी, तिच्यात काहीच दिसत नव्हतं. त्याने एकदा चवड्यांवर उभं राहून पाहिलं. मग ती माझ्याकडे दिली.

मी उठलो आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पोरीचं मनगट, लहान लहान हाडं, एका ठिकाणी बारीक रेघ. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि मान वर करून बघत राहिला. मेडिकलच्या दिवसानंतर आम्ही इतके जवळ कधी उभे राहिलो असू, मला आठवत नाही.

"सरळ बसन ना हे?" त्याने विचारलं. जुन्या सवयीने त्याने माझ्याकडेच पाहिलं होतं. ते त्याच्याही लक्षात आलं, पण त्याने नजर काढली नाही.

"मले नाही माहीत," मी म्हणालो. "डॉक्टर येऊ दे. त्यायले विचारू."

"विचारू," तो म्हणाला.

माझे हात भरून आले होते, तरी मी फिल्म खाली घेतली नाही. डॉक्टर येईपर्यंत तो ती रेघ बघत होता, आणि तोवर ती धरून ठेवणं एवढंच काम माझ्याकडे होतं.